दोन यंत्रं आणि एक ससा

'प्लॅन नाइन'ची आणि माझी पहिली भेट दोन तासांत आटोपली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एका जुन्या थिंकपॅडवर ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, करडा पडदा आला आणि पुढे काय करायचं ते कळेना. खाली पट्टी नाही, क्लिक करायला चित्रं नाहीत. माउसचं उजवं बटण दाबून धरलं की पाचसहा शब्दांची यादी उघडते, त्यातलं 'न्यू' निवडायचं आणि मग माउस ओढून खिडकीचा चौकोन आपणच आखायचा. आखला. आत कमांडची एक ओळ वाट पाहत बसली. तिला 'एलएस' म्हटलं, तिने फाइलींची नावं दिली. हे तर कॉलेजातल्या युनिक्सवरही होत होतं! मागची कमांड परत आणायला वरचा बाण दाबला, तर खिडकीतला सगळा मजकूरच सरकला. धड ब्राउझर नाही, व्हिडिओचं नाव नको. यंत्र बंद केलं आणि माळ्यावर टाकलं.

खाली काढलं ते दीड वर्षाने, आणि त्या वेळी टेबलावर दुसरं यंत्रही होतं. ही टिपणवही त्या दुसऱ्या यंत्रामुळे लिहिली गेली. एकट्या यंत्रावर प्लॅन नाइन चालवणं म्हणजे एकट्याने आट्यापाट्या खेळणं. पाट्या आखता येतात, पळताही येतं, पण खेळ कशासाठी आहे ते कळत नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी 'बघितलं, काही दम नाही' असं मला सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी ती एकाच लॅपटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये बघितली होती. त्यांचा दोष नाही. मीही त्यांतलाच.

या सिस्टिमचं जन्मस्थळ अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं मरे हिल. तिथल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला आकार दिला. पुढे त्याच विभागात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, थॉम्प्सन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो, फिल विंटरबॉटम ही मंडळी पुन्हा कोऱ्या पाटीवर लिहायला बसली. स्वतःच्याच गाजलेल्या कामावर नाखूश असलेली माणसं दुर्मीळ. त्यांची तक्रार साधी होती. पूर्वी सगळे एकाच मोठ्या यंत्राला जोडलेले असत. फाइली एका जागी, देखभाल एका जागी. मग प्रत्येकाच्या टेबलावर वर्कस्टेशन आलं आणि जो तो वेगळी चूल मांडून बसला. माझी फाइल तुझ्या यंत्रावर दिसेना. नेटवर्क आणि ग्राफिक्स युनिक्सला मागाहून चिकटवलेले, त्यामुळे त्यांचे जोड उघडे पडलेले. या मंडळींना स्वस्तातली अनेक यंत्रं हवी होती, पण संसार एकच हवा होता.

म्हणून त्यांनी कामं वाटून दिली. फाइल सर्व्हरने साठवायचं, सीपीयू सर्व्हरने राबायचं, ऑथ सर्व्हरने आल्यागेल्याची ओळख पटवायची आणि टर्मिनलने फक्त पडदा, कीबोर्ड, माउस सांभाळायचे. टर्मिनलवर तुमचं असं काहीच राहत नाही, त्यामुळे कुठल्याही टर्मिनलपुढे बसलं तरी ते तुमचंच. घरच्या घरी चारही भूमिका दोन यंत्रांत मावतात. पहिल्या तीन एकाकडे आणि टर्मिनल दुसऱ्याकडे. मी तसंच केलं आहे.

पण कामवाटप हा वरवरचा भाग झाला. खरी मेख दोन निर्णयांत आहे, आणि ते एकमेकांवाचून अपुरे आहेत.

पहिला निर्णय: यंत्रातलं जे काही आहे ते फाइल म्हणून समोर ठेवायचं. युनिक्सही हे म्हणत आलं, पण अर्ध्यावर थांबलं. इथे माउस ही फाइल आहे. वाचली की बाण कुठे आहे आणि कुठलं बटण दाबलंय ते कळतं. पडदा फाइलींतून रंगवला जातो. नेटवर्कही तसंच. दूरच्या यंत्राशी बोलायचं तर 'नेट' डिरेक्टरीतल्या 'टीसीपी'मध्ये 'क्लोन' नावाची फाइल उघडायची, ती एक आकडा देते, त्या आकड्याच्या डिरेक्टरीतल्या 'सीटीएल' फाइलीत कुठे जोडायचं ते साध्या अक्षरांत लिहायचं आणि 'डेटा' फाइलीतून वाचायला लागायचं. खास नेटवर्कसाठीच्या वेगळ्या सिस्टिम कॉलची भानगड नाही. या उपकरणांच्या फाइली जिथे मांडलेल्या असतात त्या डिरेक्टरीचं नाव 'डेव्ह'. मी तिला देवघर म्हणतो. माउस, कीबोर्ड, पडदा, घड्याळ, सगळे ओळीने मांडलेले.

दुसरा निर्णय समजायला मला वेळ लागला. फाइलींचं हे झाड सगळ्यांना सारखं दिसत नाही. प्रत्येक प्रोसेसला आपापलं दिसतं. 'आई' हा शब्द चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडात तोच असतो, पण हाकेला ओ देणारी बाई दारागणिक वेगळी. 'डेव्ह'मधल्या 'माउस'चंही तसंच आहे. नाव सगळीकडे एक, पण त्या नावामागे कोण उभं आहे हे त्या त्या प्रोसेसच्या नेमस्पेसवर, म्हणजे तिला दिसणाऱ्या झाडावर, ठरतं. 'बाइंड' आणि 'माउंट' या दोन कमांडींनी ते हवं तसं बदलता येतं, आणि शेजारच्या बिऱ्हाडाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या दोन गोष्टी जोडल्या की गंमत सुरू होते. 'रिओ' ही इथली खिडक्यांची व्यवस्था. प्रत्येक खिडकीला ती स्वतःचा 'माउस', स्वतःचा कीबोर्ड, स्वतःचा पडदा देते, आणि तेही त्याच जुन्या नावांनी. आतल्या प्रोग्रामला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. मग रिओच्या खिडकीत पुन्हा रिओ चालवला तर? चालतो. त्याच्या आत आणखी एक चालवा, तोही चालतो. आरशात आरसा. त्यासाठी कुणी वेगळा कोड लिहिलेला नाही. रिओला हव्या असलेल्या फाइली रिओच पुरवतो, इतकंच.

आता दुसरं यंत्र. दोन्ही यंत्रांमध्ये वायर टाकून, ऑथ सर्व्हरचा पासवर्ड तीनदा चुकवून, एका रात्री मी टर्मिनलवरून 'आरसीपीयू' ही कमांड दिली. मूळ प्लॅन नाइनमध्ये हिचं नाव नुसतं 'सीपीयू' होतं. पडद्यावर काहीच झालं नाही. कमांडची ओळ पुन्हा आली, एवढंच. मला वाटलं, फसलं. मग सहज प्रोसेसरचा प्रकार विचारला, तर उत्तर दुसऱ्या यंत्राचं आलं. म्हणजे मी तिथे पोचलो होतो, आणि माझं घर माझ्याबरोबर आलं होतं. त्या यंत्रावर 'एमएनटी' डिरेक्टरीतल्या 'टर्म'खाली माझ्या थिंकपॅडच्या सगळ्या फाइली हजर होत्या. तिथे चित्रं दाखवणारा प्रोग्राम चालवला, तर चित्र माझ्या पडद्यावर उमटलं, कारण तिथल्या प्रोसेसच्या देवघरात बसलेला पडदा माझा होता. दूरचं यंत्र वापरण्याचे प्रकार मी नोकरीत रोज करतो. तिथे आपण परक्या घरी जातो, हवं ते कॉपी करून आणतो-नेतो. इथे मी माझ्याच खोलीत बसलो होतो आणि फक्त राबणारा हात बदलला होता.

त्याच आठवड्यात आणखी एक प्रयोग केला. थिंकपॅडची इंटरनेटची जोडणी मुद्दाम काढून टाकली. दुसऱ्या यंत्राला मात्र ती होती. 'इम्पोर्ट' कमांडने त्या यंत्राची 'नेट' डिरेक्टरी उचलून माझ्या 'नेट'वर आणून ठेवली. झालं. माझे प्रोग्राम आता त्याच्या नेटवर्क कार्डातून जगाशी बोलू लागले. जे घडवायला एरवी व्हीपीएन नावाचं आख्खं सॉफ्टवेअर बसवतात, ते एका डिरेक्टरीवर दुसरी ठेवून झालं. मी रात्री दीड वाजता घरातल्या माणसांना उठवून दाखवायच्या बेतात होतो. उठवलं नाही, कारण पडद्यावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

या साऱ्याच्या बुडाशी 'नाइनपी' नावाचा एक प्रोटोकॉल आहे, म्हणजे फाइली मागण्याची आणि देण्याची बोलीभाषा. २००२ च्या चौथ्या आवृत्तीपासून स्थिरावलेल्या तिच्या रूपात मागणीचे प्रकार अवघे १३ आहेत. झाडात चाल, उघड, वाच, लिही, पुसून टाक, अशा धर्तीचे. फाइल शेजारच्या डिस्कवर असो की शहरापलीकडच्या यंत्रावर, भाषा तीच. म्हणूनच 'वितरित' हा शब्द मी या वहीत फार वापरलेला नाही. पाठ्यपुस्तकांत वितरित प्रणाली हा एक जाडजूड स्वतंत्र विषय असतो. इथे तो विषयच उरत नाही. सगळं फाइलीत आहे आणि फाइली कुठूनही आणता येतात, एवढ्यातून वितरण आपोआप निष्पन्न होतं.

इतकं नीटनेटकं होतं तर मग ही सिस्टिम घरोघरी का पोचली नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. १९९२ मध्ये पहिली आवृत्ती फक्त विद्यापीठांना मिळाली. १९९५ मध्ये दुसरी सर्वांसाठी खुली झाली, पण पुस्तकं आणि सीडी मिळून सुमारे साडेतीनशे डॉलरला. तोवर लिनक्स फुकट वाटलं जात होतं. २००० साली तिसरी आवृत्ती मोफत झाली, तेव्हा मांडव उठला होता. शिवाय युनिक्स वाईट नव्हतं, फक्त ओबडधोबड होतं, आणि ओबडधोबड चालणारी गोष्ट सोडून कुणी देखण्या गोष्टीकडे धावत नाही. नावानेही मदत केली नसावी. एड वूड या दिग्दर्शकाचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा सिनेमा भिकारपणाबद्दल प्रसिद्ध आहे, त्यावरून हे नाव घेतलं. बोधचिन्ह म्हणून रेने फ्रेंच यांनी काढलेला एक गोलमटोल पांढरा ससा, ग्लेंडा. बँकेचा कारभार ससा मिरवणाऱ्या सिस्टिमवर टाका असं कुणाला सांगणार?

तरी ती मेली नाही. २०११ मध्ये हौशी मंडळींनी तिची 'नाइनफ्रंट' ही वेगळी शाखा काढली. वायफाय, यूएसबी, नवे लॅपटॉप यांचं बहुतेक काम तिथेच झालं आहे आणि या वहीतले प्रयोगही तिच्यावरच केलेले आहेत. त्या मंडळींचा विनोद जरा अंगावर येतो, पण त्यांचा कोड वाचावा. मार्च २०२१ मध्ये बेल लॅब्सची तेव्हाची मालक नोकिया हिने मूळ सिस्टिम प्लॅन नाइन फाउंडेशनच्या हवाली केली आणि ती एमआयटी परवान्याखाली खुली झाली. दरम्यान तिचे तुकडे इतरत्र जाऊन बसलेच होते. विंडोजवर लिनक्स चालवून त्याच्या फाइली एक्सप्लोररमध्ये उघडल्या असतील, तर तुम्ही नाइनपी बोलला आहात. पाइक आणि थॉम्प्सन यांनी रॉबर्ट ग्रीसमर यांच्यासह गूगलमध्ये गो ही भाषा घडवली, तिचे सुरुवातीचे कंपायलर प्लॅन नाइनच्याच घराण्यातले. तिचं बोधचिन्ह असलेला निळा, दात पुढे आलेला प्राणीही रेने फ्रेंच यांचाच.

पण आपल्याशी सगळ्यांत जवळचं नातं असलेला तुकडा वेगळाच आहे. हे वाक्य संगणकात ज्या रूपात साठवलं जातं, ते यूटीएफ-८, प्लॅन नाइनसाठी घडलं. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर थॉम्प्सन यांनी त्याचा आराखडा मांडला. पाइक समोर बसले होते. जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत कशी बसवायची, याची आधी ठरलेली रीत त्यांना वापरून नावडली होती. त्या रात्री थॉम्प्सन यांनी कोड लिहिला, पाइक यांनी सिस्टिमच्या लायब्ररी उलगडायला घेतल्या आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी अख्खी प्लॅन नाइन नव्या पद्धतीवर चालू लागली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन. 'मराठी' हा शब्द पंधरा बाइटांचा. कानामात्रांचेही तीन तीन मोजायचे.

साहजिकच, ज्या घरात हे घडलं तिथे मराठी कशी दिसते ते बघायला मी उत्सुक होतो. देवनागरीचा फाँट बसवला आणि 'मराठी' लिहिलं. आलं. मात्रा जराशा भांडून वेगळ्या बसलेल्या, पण वाचता आलं. मग 'विठ्ठल' लिहिलं. पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर आली. पुढे 'ठ', त्याचा सुटा पाय, परत 'ठ'. कारण उघड आहे. ही सिस्टिम अक्षरं एकेक करून ओळीत मांडते. दोन अक्षरांनी एकमेकांत मिसळून तिसरा आकार घ्यावा, किंवा नंतर उच्चारलेलं चिन्ह आधी यावं, ही कल्पनाच तिच्या चित्रकामात नाही. म्हणजे माझी भाषा तिथे बिनचूक साठवली जाते, बिनचूक पाठवली जाते, बिनचूक शोधलीही जाते, आणि दिसते मात्र अपघात झाल्यासारखी. या वहीचा मजकूर मी तिथेच लिहावा असा हट्ट होता. तीन पानांनंतर डोळ्यांनी नकार दिला. जोडाक्षरं जोडून देणारा छोटासा फाइल सर्व्हर लिहिण्याचे माझे प्रयत्न नवव्या प्रकरणात आहेत. ते यशस्वी झालेले नाहीत.

त्या खानावळीच्या गोष्टीला एक शेपूट आहे. मरे हिलचा फाइल सर्व्हर रोज पहाटे पाच वाजता साऱ्या फाइलींची त्या क्षणाची स्थिती एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर कायमची उतरवून ठेवी. याला डंप म्हणत. 'डंप' डिरेक्टरीत वर्ष आणि तारीख गाठली की त्या दिवशीचं अख्खं झाड समोर. पुढे यूटीएफ-८ चं श्रेय कुणाचं असा प्रश्न निघाला तेव्हा प्लॅन नाइनवरच काम केलेल्या रस कॉक्स यांनी ते जुने डंप उपसले. अक्षरं बाइटांत बसवणारी जी फाइल होती, तिच्यातला बदल ४ सप्टेंबर १९९२ चा निघाला, वेळ संध्याकाळी सातनंतरची. तो शुक्रवारच होता.

घरच्या फाइल सर्व्हरवरही हे सगळं मिळतं. 'यस्टर्डे' कमांडला फाइलीचं नाव दिलं की कालची प्रत कुठे आहे ते ती सांगते. नेटवर्कची मुख्य फाइल मी दोनदा उद्ध्वस्त केली आणि दोन्हीदा कालच्या माझ्याकडून उसनी आणली. पण एक गोष्ट मरे हिलच्या मंडळींना ठाऊक नव्हती. त्यांचा सर्व्हर रात्रभर जागा असे, माझा पहाटे पाचला बंद असतो. पहिले तीन आठवडे माझा एकही डंप आपोआप झाला नव्हता आणि मी निश्चिंत होतो. त्यातच आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. भर दुपारी, नीट बंद न करताच सर्व्हर झोपला. उठला तेव्हा त्याला काहीच धड आठवेना. अशा वेळी 'रिकव्हर' सांगितलं की तो शेवटच्या डंपवर परत जातो. माझा शेवटचा डंप सिस्टिम चढवली त्या दिवशी हाताने केलेला होता. तीन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून झोपण्याआधी दिवा मालवावा तसा मी सर्व्हरला 'डंप' म्हणतो आणि मगच बंद करतो.

हे वाचून कुणी विचारेल, मग हे करायचं कशासाठी? रोजच्या कामाला ही सिस्टिम मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरा असं सांगणार नाही. बँक, तिकीट, व्हिडिओ कॉल, सगळ्याला दुसरा लॅपटॉप लागतोच. मला ती आवडते कारण ती एका माणसाला वाचून संपवता येण्याजोगी आहे. सिस्टिमचा सगळा कोड तिच्यातच, 'सिस' डिरेक्टरीखाली असतो. कमांड वागते तशी का वागते असा प्रश्न पडला की तिचा कोड उघडायचा. पुष्कळदा तो दोन-चार पानांत संपतो. त्यात फेरफार करून 'एमके' म्हटलं की काही सेकंदांत नवी कमांड हातात. एक शब्द बदलला की हीच 'एमके' रास्पबेरी पायसाठीही तीच कमांड बनवून देते. नोकरीत ज्या कोडाला हात लावायला मला तिघांची परवानगी लागते, त्याच्या मानाने ही चैन आहे.

या वहीत काय नाही तेही सांगून टाकतो. व्हर्च्युअल मशीनवर चढवायच्या सूचना नाहीत. तो मार्ग सोपा आहे, म्हणूनच मी तिकडे पाठवत नाही. 'अ‍ॅक्मी' या संपादकाची शिकवणी अर्ध्या प्रकरणात उरकली आहे, कारण माउसची दोन बटणं एकत्र दाबून मजकूर कापायची-चिकटवायची ती कला लिहून येत नाही, बोटांना यावी लागते. ज्यांच्या माउसला मधल्या बटणाच्या जागी चाक आहे, त्यांची तर्जनी आठवडाभर दुखेल. जुन्या थिंकपॅडना तीन खरी बटणं असतात. या सिस्टिमच्या हौशी माणसांकडे हमखास ते लॅपटॉप सापडतात त्याचं हे एक कारण.

सुरुवात करण्याआधी दोन जुनी यंत्रं, तीन बटणांचा माउस आणि दोन्ही यंत्रांमध्ये पुरेल एवढी नेटवर्कची वायर गोळा करा. यंत्रं कितीही जुनी चालतील. वायर मात्र आधी तपासून घ्या. माझी पहिली संध्याकाळ एका टोकाची पकड तुटलेली वायर कर्नलचा दोष समजण्यात गेली.